मेंदूवरच्या संशोधनाची बातमी कशी वाचावी?

‘अमुक केल्याने बुद्धी वाढते’ अशी बातमी दिसली की ती लगेच कुणाला पाठवू नका. आधी शोधा की प्रयोग कुणावर झाला: उंदरांवर की माणसांवर? किती जणांवर? 1993 साली 36 कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट या युरोपीय संगीतकाराचं संगीत ऐकवलं, तेव्हा घड्या घातलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल यासारखी कोडी त्यांना थोडी बरी सुटली. हा फरक पंधरा मिनिटांच्या आत ओसरला. त्या प्रयोगात एकही बाळ नव्हतं, तरी पुढे बाळांना हुशार करण्याच्या नावाखाली त्या संगीताच्या सीडी खपल्या. मला याचा अजून राग येतो, कारण फसले ते काळजीपोटी धडपडणारे आईबाप.

मग बातमीसोबतच्या मेंदूच्या रंगीत चित्राकडे वळा. एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदू काम करत असताना काढलेल्या स्कॅनमध्ये, दिसणारे लाल-पिवळे डाग म्हणजे विचार नव्हेत. यंत्र रक्तातल्या ऑक्सिजनमधला बदल टिपतं, तोही काही सेकंद उशिरानं. रंग संगणक भरतो. मेंदूचे हजारो ठिपके एकदम तपासले की त्यातले काही निव्वळ योगायोगानं चमकतात. हे दाखवायला 2009 मध्ये संशोधकांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले. योगायोग वगळणारं गणित न करता पाहिलं, तर त्याच्याही मेंदूत हालचाल ‘दिसली’!

आता बातमीतलं क्रियापद तपासा. ‘संबंध आढळला’ आणि ‘यामुळे होतं’ यांत फार अंतर आहे. कमी झोप आणि नैराश्य बरेचदा सोबत दिसतात, पण नैराश्यही झोप उडवतं.

तोच निष्कर्ष दुसऱ्या कुणाला मिळाला का, हेही बघा. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम 36 टक्के अभ्यासांत पुन्हा ठोस निष्कर्ष निघाला. म्हणून एकट्यादुकट्या अभ्यासापेक्षा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा जास्त भरवशाचा.

बातमी तुमच्या औषधाबद्दल असेल, तर मात्र एवढं नक्की करा: गोळी चालू ठेवा, बातमी जपून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. नैराश्यावरची गोळी एकदम थांबवली तर चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश असे त्रास होऊ शकतात. ती बंद करायचीच ठरली, तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.