रोजच्या वापरासाठी जुनी ऑफ-रोड गाडी : दोहोंतून एक निवडताना या चुका टाळा

वापरलेल्या दोन ऑफ-रोड गाड्या समोर असल्या की तुलना बहुधा चुकीच्या प्रश्नापासून सुरू होते. कोणत्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स जास्त, कोणत्या गाडीला डिफरन्शियल लॉक (अॅक्सलवरची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारी सोय) आहे, कोणती अधिक खोल पाण्यातून जाऊ शकते, यांवर चर्चा रंगते. प्रत्यक्षात घेणारा ती गाडी वर्षातले बहुतेक दिवस कामावर जाण्यासाठी, मुलांना शाळेत सोडण्यासाठी आणि बाजारहाटासाठी चालवणार असतो. दोन्ही गाड्यांत लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर) असलेली ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी) असेल, तर क्वचित लागणाऱ्या कच्च्या वाटेसाठी त्या दोन्ही बहुधा पुरेशा असतात. म्हणून ऑफ-रोड क्षमता ही केवळ पात्रतेची अट मानावी आणि निवड मात्र रोजचा रस्ता व आधीच्या मालकाने केलेला वापर या दोन निकषांवर करावी, असे माझे मत आहे. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका हा क्रम उलटा लावल्यामुळे होतात.

नावावरून गाडी ओळखणे

एकच नाव वर्षानुवर्षे चालत राहते आणि त्याखालची गाडी मात्र पूर्ण बदललेली असते. लँड रोव्हर डिफेंडरचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. जानेवारी २०१६ मध्ये उत्पादन थांबलेली जुनी डिफेंडर लॅडर फ्रेमवर (बॉडीखालच्या शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर) बांधलेली आणि पुढे-मागे अखंड अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच ताठ आस) असलेली होती. २०२० मध्ये आलेली नवी डिफेंडर अॅल्युमिनियमच्या मोनोकॉक (बॉडी आणि फ्रेम एकच असलेल्या) बांधणीची असून तिच्या चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. मित्सुबिशी पजेरोच्या बाबतीतही १९९९ च्या तिसऱ्या पिढीपासून वेगळी फ्रेम जाऊन ती बॉडीतच सामावली गेली आणि मागचे सस्पेन्शन स्वतंत्र झाले. त्यामुळे नावाबरोबर पिढी आणि उत्पादनवर्ष विचारल्याशिवाय दोन गाड्यांची तुलना सुरूच करू नये.

रोजच्या वापरात या बांधणीचा परिणाम पहिल्या दिवसापासून जाणवतो. जीप रँग्लर आणि सुझुकी जिमनी या दोन्ही गाड्यांना पुढे व मागे अखंड अॅक्सल आहेत. खडकाळ वाटेवर एक चाक वर उचलले गेले की दुसरे आपोआप जमिनीकडे दाबले जाते आणि पकड टिकते. मात्र खड्डे बुजवून बुजवून उंचसखल झालेल्या डांबरी रस्त्यावर हाच गुण उलटतो, कारण एका चाकाला बसलेला धक्का अॅक्सलमधून दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो आणि गाडी आडवी हलत राहते. व्हीलबेस आखूड असेल तर गतिरोधकावर पुढे-मागे झोकेही जास्त जाणवतात, अर्थात पार्किंगमध्ये तीच आखूड लांबी सोयीची ठरते. यांपैकी कोणतीही गोष्ट दोष नव्हे. परंतु रोज तासभर चालवणाऱ्याने ती आधी अनुभवून पाहिली पाहिजे.

फोर-व्हील ड्राइव्हचा प्रकार न विचारणे

वळण घेताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. परमनंट पद्धतीत, म्हणजे चारही चाकांना नेहमी ताकद मिळते तिथे, हा फरक मधले डिफरन्शियल (पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअररचना) सामावून घेते. पार्ट-टाइम पद्धतीत, म्हणजे जिमनीसारख्या गाड्यांत, ते नसते. फोर बाय फोर लावल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारे शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरून हा ताण सोडतात, पण कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही. परिणामी स्टीअरिंग जड होते, गाडी वळणावर अडखळल्यासारखी चालते आणि शेवटी ट्रान्सफर केसचा दांडा जागचा हलेनासा होतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, पार्ट-टाइम गाडी रोजच्या डांबरी रस्त्यावर प्रत्यक्षात दोनच चाकांवर चालते. तिच्यावर लावलेली ‘फोर बाय फोर’ ही पाटी पाहून सुरक्षिततेचा हिशेब करू नये. दुसरी अशी की, विकणारा कौतुकाने ‘मी नेहमी फोर बाय फोर लावूनच चालवली’ असे सांगत असेल आणि गाडी पार्ट-टाइम असेल, तर ती गाडी बाजूला ठेवावी. जिथे पाऊस आणि कोरडा रस्ता आलटून पालटून लागतो, तिथे परमनंट किंवा परमनंट व पार्ट-टाइम या दोन्ही सोयी असलेली पद्धत अधिक उपयोगी पडते. पजेरोला १९९१ पासून मिळालेली सुपर सिलेक्ट पद्धत त्यांपैकीच आहे. मात्र परमनंट गाडीच्या चारही टायरांची झीज जवळपास सारखी असावी लागते. दोन टायर नवे व दोन गुळगुळीत असतील, तर त्यांचा घेर वेगळा पडतो आणि सरळ रस्त्यावरही मधल्या डिफरन्शियलला सतत काम करत राहावे लागते.

बदल केलेल्या गाडीला ‘जास्त काही मिळाले’ असे समजणे

सर्वाधिक फसगत इथे होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. उंच सस्पेन्शन, मोठे टायर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी दोराची चरखी), छतावरचे दिवे अशा गोष्टी लावलेली गाडी मूळ स्वरूपातल्या गाडीपेक्षा आकर्षक दिसते आणि विकणारा त्या सामानाची किंमतही मोजून दाखवतो. रोजच्या वापरासाठी घेणाऱ्याने मात्र हा हिशेब बहुधा उलटा करावा.

टायरांचेच पाहा. मूळ २९ इंचांच्या टायरांऐवजी ३२ इंचांचे टायर बसवले, की चाकाचा घेर सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. मीटरची दुरुस्ती करून घेतलेली नसेल, तर काटा ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८८ च्या वेगाने धावत असते, आणि त्या टायरांवर १ लाख किलोमीटर नोंदवलेली गाडी खरे तर १ लाख १० हजार किलोमीटर चाललेली असते. शिवाय जड टायरांमुळे ब्रेकवरचा, व्हील बेअरिंगवरचा आणि क्लचवरचा ताण वाढतो, गिअरचे गुणोत्तर बदलल्यासारखे होऊन चढावर गाडी मंद वाटते. मड टेरेन प्रकारचे टायर चिखलात उत्तम असले तरी ओल्या डांबरावर त्यांचे ब्रेकिंगचे अंतर वाढते आणि वेगात त्यांचा आवाज संभाषणाच्या आड येतो. टायरच्या बाजूवर डॉट क्रमांक (‘DOT’ या अक्षरांनी सुरू होणारा) असेल, तर त्यातील शेवटचे चार अंक जरूर वाचावेत. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी भरपूर शिल्लक असूनही रबर जुने होऊन कडक झालेले असू शकते.

सस्पेन्शन उंच केले की प्रॉपेलर शाफ्टचे कोन बदलतात, पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असेल तर अॅक्सलच्या रबरी बूटांवर ताण येऊन ते फाटतात, हेडलाइटचा झोत समोरच्या वाहनचालकाच्या डोळ्यांत जातो आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने अचानक वळण घेताना गाडी अधिक कलते. हे काम नीट केलेलेही असू शकते, परंतु त्यासाठी वापरलेल्या भागांची बिले आणि नोंदणी व विमा यांत त्या बदलाचा उल्लेख आहे का, हे मागून पाहावे. जास्तीच्या दिव्यांसाठी टोचून जोडलेल्या वायरी मला स्वतःला उंच सस्पेन्शनपेक्षाही नकोशा वाटतात. त्यातून निर्माण होणारे बिघाड अधूनमधून येतात आणि शोधायला फार वेळ खातात.

वरचा रंग पाहून खालचा भाग न पाहणे

ऑफ-रोड गाडीचा इतिहास तिच्या खालच्या भागावर लिहिलेला असतो. चिखल लॅडर फ्रेमच्या पोकळीत साचतो आणि गंज आतून सुरू होतो. बाहेरून तो दिसेपर्यंत पत्रा पातळ झालेला असतो. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया या गाड्यांच्या फ्रेम गंजण्याबाबतचा सामूहिक दावा २०१६ मध्ये तडजोडीने मिटला, म्हणजे उत्तम नाव असलेल्या कंपनीच्या गाड्याही याला अपवाद नाहीत. गाडी लिफ्टवर घेऊन फ्रेमवर लहान हातोडीने हलके ठोके द्यावेत: भक्कम भागातून खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या भागातून बद्द. नुकताच लावलेला काळा कुळकुळीत अंडरकोट दिसला, तर तो संरक्षणासाठी आहे की झाकण्यासाठी, हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा. दगडाला घासल्याच्या खुणा स्किड प्लेटवर (खालच्या भागांना वाचवणाऱ्या पत्र्यावर) असतील तर फारसे बिघडत नाही. त्या फ्रेमवर, डिफरन्शियलच्या पोटावर किंवा सस्पेन्शनच्या आर्मवर असतील तर मात्र गाडीने बरेच सोसले आहे असे समजावे.

पाण्याच्या खुणा वेगळ्या ठिकाणी शोधाव्या लागतात. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाकडचा डाग पाहावा, सीटखालच्या बोल्टवरचा गंज पाहावा, कार्पेटखाली गाळाचा थर आहे का ते बघावे. डिफरन्शियलचे ऑइल थोडे बाहेर काढून तपासण्याची परवानगी मिळाली तर ती सोडू नये. ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसले, तर आत पाणी गेले आहे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक करडा लेप असणे स्वाभाविक असते. धातूचे टोचणारे तुकडे असणे स्वाभाविक नसते.

चाचणीची वेळ आणि रस्ता विकणाऱ्यावर सोडणे

इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करावे, आणि हे आधी कळवून ठेवावे. आपण पोहोचण्यापूर्वीच बॉनेट गरम झालेले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. दोन्ही गाड्या शक्यतो एकाच दिवशी, आपल्या रोजच्या रस्त्याशी जुळणाऱ्या मार्गावर चालवाव्यात, ज्यात गर्दी, महामार्गाचा वेग आणि अरुंद जागेतले पार्किंग या तिन्ही गोष्टी येतील. चालवताना पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे.

अखंड पुढचा अॅक्सल असलेली गाडी विशिष्ट वेगात खड्डा लागताच स्टीअरिंगसह जोरात थरथरू लागली आणि वेग कमी केल्याशिवाय थांबली नाही, तर ट्रॅक बारचे (अॅक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश म्हणजे सांध्यातले रबर, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके किंवा चाकांचा असमतोल यांपैकी काही तरी कारण असते. अशा गाडीला नवा स्टीअरिंग डँपर (स्टीअरिंगची थरथर शोषणारा भाग) बसवलेला आढळला तर सावध व्हावे, कारण डँपर लक्षण दाबतो, मूळ झीज तशीच राहते. अॅक्सिलरेटर दाबताना व सोडताना खालून ‘टक’ असा आवाज आला, तर युनिव्हर्सल जॉइंटमध्ये (शाफ्टच्या सांध्यात) सैलपणा असण्याची शक्यता असते. वेगाबरोबर चढत जाणारी घुमी घरघर व्हील बेअरिंगची, डिफरन्शियलची किंवा फक्त टायरांचीही असू शकते. वळण घेताना तिचा सूर बदलला तर बेअरिंगचा संशय बळावतो.

लो रेंज लावून पाहिल्याशिवाय चाचणी संपवू नये. ब्रेक दाबून ठेवून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने आणि मोकळ्या मातीवर हे करावे. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असताना अनेक गाड्या मुख्य गिअर ‘पार्क’मध्ये असूनही घरंगळू शकतात, हे लक्षात ठेवावे. वर्षानुवर्षे न वापरलेला दांडा किंवा मोटर अडकलेली आढळते, आणि मग जी क्षमता पाहून गाडी निवडली तीच नसते. गाडीच्या संगणकातले दोष वाचणारे यंत्र जोडल्यावर एकही दोष-कोड दिसला नाही, पण यंत्रणेच्या अंतर्गत चाचण्या अपूर्ण असल्याचे दिसले, तर कोड नुकतेच पुसले गेले असावेत किंवा बॅटरी काढली गेली असावी. दोनतीन दिवस चालवून पुन्हा तपासणी मागावी.

इंधन आणि सुरक्षिततेचा विचार शेवटी करणे

दोहोंपैकी एक गाडी डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली डिझेल असेल आणि रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचा असेल, तर पेट्रोलची गाडी निवडावी. फिल्टरमधली काजळी जळून जाण्यासाठी इंजिन पुरेसे तापून काही वेळ सलग चालावे लागते. छोट्या फेऱ्यांत ते होत नाही आणि फिल्टर तुंबतो. लांब पल्ल्याच्या रोजच्या प्रवासाला हा आक्षेप लागू होत नाही.

सुरक्षिततेबाबत, भक्कम दिसणारी गाडी अपघातात भक्कम ठरेलच असे नाही. युरो एनकॅप या युरोपीय अपघात-चाचणी संस्थेच्या २०१८ मधील चाचणीत रँग्लरला पाचपैकी एक तारा आणि जिमनीला तीन तारे मिळाले होते. वेगवेगळ्या वर्षांचे तारे एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत, कारण चाचणीचे निकष दरम्यान कडक झालेले असतात. उंच गाडीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरू लागलेल्या गाडीला चाकांचे ब्रेक आपोआप लावून सावरणारी यंत्रणा. अमेरिकेत हलक्या वाहनांसाठी ते २०१२ च्या मॉडेल वर्षापासून सक्तीचे झाले. दोन्ही गाड्या इतर बाबतींत सारख्या असतील आणि एकीतच ही सोय असेल, तर माझ्या दृष्टीने निवड तिथेच संपते.

सगळे पैसे खरेदीतच संपवणे

सेवा-नोंदी व्यवस्थित असलेली, मूळ स्वरूपातली, थोडी जास्त चाललेली गाडी ही कमी चाललेल्या पण कागद नसलेल्या गाडीपेक्षा बहुतेक वेळा बरी असते. कोणतीही घेतली तरी काही रक्कम हातात राखून ठेवावी. ताबा मिळताच इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि गाडीनुसार पुढचे व मागचे डिफरन्शियल यांची ऑइल बदलून घ्यावीत, डिफरन्शियलच्या श्वासनळ्या (आतली हवा बाहेर जाऊ देणाऱ्या नळ्या) मोकळ्या आहेत का ते पाहावे आणि बूट व बुश यांची पुन्हा तपासणी करावी. त्यानंतर फोर बाय फोरची गरज पडो वा न पडो, महिन्यातून एकदा मातीच्या सरळ वाटेवर ती लावून थोडे अंतर चालवावे, म्हणजे आतले भाग वंगणात भिजत राहतात आणि दांडा अडकत नाही.