बिबड्यांची ऑर्डर घ्या, पण पैसे घ्यायला पिन टाकू नका

दोन वर्षांपूर्वी चैत्रात मी भुसावळला गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होते. हाताला ज्वारीचा चीक, डोक्यावर ऊन, आणि फोन आला. "ताई, फेसबुकवर तुमची पोस्ट पाहिली. आठ किलो बिबडे, चार किलो कुरडया हव्यात. पैसे आधीच पाठवतो." लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड आला. "हा स्कॅन करा, पैसे जमा होतील." पदराला हात पुसले, स्कॅन केलं, पिन टाकला. खात्यातून ४,८०० रुपये गेले.

म्हणून आमच्या गटातल्या बायांना मी सगळ्यात आधी हेच सांगते: पैसे घ्यायला पिन लागत नाही. स्कॅनही समोरच्यानं करायचं असतं, आपण नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. कुणी म्हणालं, "चुकून पाचशेच्या जागी पाच हजार गेले, उरलेले परत करा," तर नुसत्या मेसेजवर जाऊ नका, असा मेसेज कुणीही पाठवू शकतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा.

आता नंबरचं. पोस्टवर टाकलेला नंबर सगळं जग बघतं, आणि माझा तोच नंबर बचतीच्या खात्याला जोडलेला होता. आता विक्रीला वेगळं सिमकार्ड, वेगळं खातं. संध्याकाळी त्यातले पैसे मुख्य खात्यात वळवते, विक्रीच्या खात्यात हजार-पाचशेच्या वर ठेवत नाही. यूपीआय आयडीत बऱ्याचदा आपला नंबरच असतो. अ‍ॅपमध्ये नंबर नसलेला आयडी बनवून घ्या.

पार्सलचे फोटो टाकताना चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन दिसतो. गिऱ्हाइकानं आपल्यावर विश्वासानं दिलेली माहिती आहे ती. पाकीट उलटं ठेवून फोटो काढा. पैसे मिळाल्याचा स्क्रीनशॉट तर टाकूच नका.

फेसबुकवर मित्रयादी आणि जन्मतारीख 'फक्त मी' वर ठेवा. माझ्या जाऊबाईंचा फोटो लावून कुणीतरी दुसरं खातं उघडलं आणि यादीतल्या माहेरच्या माणसांकडे दवाखान्यासाठी पैसे मागितले. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे, तिथे सहा आकडी पिन लावा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, भाच्याच्या नावानं मागितला तरी नाही.

लग्नसराईत आणखी एक जपा. पत्रिका म्हणून येणाऱ्या फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' असेल तर ते अ‍ॅप असतं. ते फोनमध्ये बसलं की आपले मेसेज वाचू शकतं, म्हणजे ओटीपीसुद्धा. खरी पत्रिका बघायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. पाठवणारा ओळखीचा असला तरी आधी फोन करून विचारा. त्याचाच फोन दुसऱ्याच्या ताब्यात असू शकतो.

पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यात पडून असतील तोवरच अडवता येतात. मी लाजेपोटी घरात दुसऱ्या दिवशी रात्री सांगितलं, तोवर ते निघून गेले होते. बोलताना व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, रक्कम आणि वेळ समोर ठेवा. मग बँकेला कळवा, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. त्या माणसाचं चॅट रागानं डिलीट करू नका, पोलिसांना तेच दाखवायचं असतं.