रविवारच्या मराठी वर्गासाठी टॅब्लेट: खरेदी, मांडणी आणि वापर

इंदूरमधली बहुतेक मराठी मुलं हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. शाळेतल्या हिंदीमुळे त्यांना देवनागरी वाचता येते. पण मराठी पान समोर आलं की ती ते हिंदी वळणाने वाचतात: 'फळ'चं 'फल' होतं, 'ज्ञान'चं 'ग्यान' होतं. आपलं वाचणं कसं ऐकू येतं हे त्यांना कळत नाही. म्हणून सोसायटीत किंवा मंडळाच्या खोलीत भरणाऱ्या रविवारच्या वर्गात टॅब्लेटचं मुख्य काम आवाज रेकॉर्ड करणं हे असावं. मुलाने एक मिनिट वाचावं, लगेच ऐकावं, चूक स्वतः पकडावी. खाली दिलेली सगळी मांडणी याच कामासाठी आहे.

टॅब्लेट घेताना

बारा मुलांना तीन टॅब्लेट पुरतात, प्रत्येकी एक घेण्याची गरज नाही. पडदा १० इंचांचा असावा, म्हणजे पुस्तकाचं पान मोठं न करता वाचता येतं. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण पुरेशी आहे. हेडफोनचं ३.५ मिमीचं गोल छिद्र आहे ना ते आवर्जून बघा. नव्या मॉडेलांत ते बरेचदा नसतं, आणि ते नसेल तर एका वायरला दोन-तीन हेडफोन जोडणारा स्वस्त स्प्लिटर लावता येत नाही.

इंदूरच्या जेल रोडवरच्या बाजारात किंवा ओळखीतून जुना टॅब्लेट घेत असाल तर पैसे देण्याआधी समोरच तो फॅक्टरी रीसेट करायला, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखा करायला लावा आणि पुन्हा सुरू करून बघा. पडद्यावर आधीच्या मालकाचं गूगल खातं मागितलं गेलं तर व्यवहार थांबवा, कारण त्या खात्याशिवाय टॅब्लेट उघडणारच नाही. मग अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करून ऐका, चारही कोपऱ्यांत बोट फिरवून स्पर्श चालतो का बघा, आणि चार्जरची पिन लावून हलकेच हलवा. चार्जिंग तुटत असेल तर सॉकेट गेलेलं आहे. सिमकार्ड चालणारा टॅब्लेट असेल तर सेटिंगमधून त्याचा आयएमईआय, म्हणजे १५ आकडी ओळख क्रमांक घ्या, मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम, जागा सोडून तो क्रमांक लिहा आणि १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर उत्तरात कळतं. फक्त वायफायवर चालणाऱ्या टॅब्लेटला आयएमईआय नसतो. तिथे पक्कं बिल हाच आधार.

एकदाच करायची मांडणी

वर्गासाठी एक वेगळं गूगल खातं उघडा आणि तिन्ही टॅब्लेटवर तेच टाका. कुणा पालकाचं खातं टाकू नका. त्यांचे फोटो वर्गात दिसतात आणि वर्गातले फोटो त्यांच्या घरच्या फोनवर जातात. गूगल फोटोजचा बॅकअप बंद, प्ले स्टोअरचं आपोआप अपडेट बंद. हे दुसरं केलं नाही, तर वर्ग सुरू होताच शिकवणाऱ्या ताईंच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तिन्ही टॅब्लेट अपडेट ओढू लागतात आणि दिवसाचा डेटा तिथेच संपतो.

कीबोर्डकडे नीट लक्ष द्या, घोळ इथे होतो. जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, भाषा जोडताना 'मराठी' निवडा आणि हिंदी काढून टाका. दोन्ही ठेवल्या की मुलं सवयीने हिंदीवर जातात आणि सुचवण्यांत हिंदी शब्द येऊ लागतात. लहानांना बोटाने लिहायचा हस्तलेखनाचा पर्याय द्या. मोठ्यांना देवनागरी अक्षरांचा कीबोर्डच द्या. इंग्रजी अक्षरांतून मराठी करणारा पर्याय सोपा वाटतो, पण त्यात ऱ्हस्व-दीर्घ मशीन ठरवतं, मूल नाही. 'पुऱ्या', 'दऱ्या' लिहिताना साधा र घेतला तर 'पुर्या' होतं. तिथे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य असा क्रम हवा. हे एकदा फळ्यावर लिहून ठेवा.

वाचून दाखवणारा आवाज हवा असेल तर टेक्स्ट-टू-स्पीचच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी करून तिचा आवाज घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या. भाषा हिंदीवर राहिली तर मराठी मजकूरही हिंदी उच्चारांत वाचला जातो, आणि मुलं नेमकं तेच उचलतात.

शेवटी ॲप पिनिंग सुरू करा, म्हणजे टॅब्लेट एकाच ॲपवर अडकून राहतो. काही कंपन्या त्याला स्क्रीन पिनिंग म्हणतात. सेटिंगमध्ये 'पिन' शोधलं की सापडतं. 'काढताना पिन विचारा' हा पर्यायही चालू हवा, नाहीतर बाहेर पडायची युक्ती मुलांना दोन मिनिटांत कळते.

वाचायला काय द्यावं

बालभारतीची पहिलीपासूनची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत आहेत. सहावीतल्या इंदुरी मुलाला तिसरीचं पुस्तक बरोबर बसतं. त्यावर 'इयत्ता तिसरी' लिहिलेलं दिसल्यावर मूल हिरमुसतं, म्हणून मुखपृष्ठ वगळून फक्त धड्याची पानं वेगळी काढून द्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, खुल्या परवान्यामुळे त्या उतरवून छापताही येतात. दीक्षा हे सरकारी शालेय अभ्यासाचं ॲप वापरणार असाल तर बोर्ड महाराष्ट्र आणि माध्यम मराठी निवडा. सवयीने मध्य प्रदेश निवडलं की पुढे हिंदीची पुस्तकं उघडतात. सगळं शनिवारी रात्री उतरवून, विमान मोडमध्ये एकदा उघडून बघा. विमान मोडमध्ये उघडलं तरच ते खरोखर टॅब्लेटमध्ये आहे.

जुन्या मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की कधीकधी निरर्थक इंग्रजी अक्षरं येतात. ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षर-संकेतांत नसून जुन्या फॉन्टमध्ये असते. अशा पानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून 'गूगल डॉक्सने उघडा' केलं की बराचसा मजकूर युनिकोडमध्ये मिळतो. जोडाक्षरं मात्र हाताने तपासा.

वर्गातला तास

एका तासात टॅब्लेट पंधरा-वीस मिनिटंच हातात असावा. चार मुलांचा एक गट करा. एक वाचतो, एक रेकॉर्डिंग सांभाळतो, उरलेले दोघं छापील पानावर बोट ठेवून ऐकतात. उतारा ५० ते ६० शब्दांचा घ्या, त्याहून मोठा नको. लांबला की ऐकताना लक्ष सुटतं.

टॅब्लेट तोंडापासून एक वीत लांब, टेबलावर आडवा ठेवा. माइकचं बारीक छिद्र कुठल्या कडेला आहे ते शोधून ठेवा, कारण कव्हर किंवा मुलाचा पंजा त्यावर आला की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. तेवढा एक मिनिट पंखा बंद करा. फाइलला तारीख आणि पान क्रमांक असं नाव द्या, मुलाचं नाव नको. एक मिनिटाची फाइल साधारण १ एमबीची होते, त्यामुळे जागेची चिंता नाही.

ऐकताना 'कसं वाटलं?' असं मोघम विचारू नका. एका दिवशी एकच गोष्ट ऐकायला सांगा. पहिल्या रविवारी फक्त ळ: बाळ, फळ, शाळा. पुढच्या वेळी च आणि ज: 'चार'मधला च वेगळा, 'चारा'मधला वेगळा, 'जहाज'मध्ये तर पहिला ज एक आणि शेवटचा दुसरा. मग ज्ञ, जो मराठीत 'द्न्य'कडे झुकतो. मग ऋ: हिंदीत 'रिषि' ऐकू येतं, मराठीत 'रुषी'. चूक सापडली की मूल पानावर पेन्सिलने खूण करतं आणि तोच उतारा पुन्हा वाचतं. दोन्ही फाइली लागोपाठ ऐकवा. फरक त्याच्याच आवाजात ऐकू आला की ताईंना तो सांगावा लागत नाही.

बोलून टाइप करण्याची सोय उच्चार तपासायला वापरू नका. ती संदर्भावरून शब्दाचा अंदाज घेते. मुलाने 'फल' म्हटलं तरी 'फळ' उमटू शकतं आणि चूक झाकली जाते.

घरच्या अभ्यासासाठी आई-बाबांचा फोन पुरतो. आजीला किंवा काकूला एकच प्रश्न विचारून दोन मिनिटं रेकॉर्ड करायचं: 'आपल्या घरचे कांदेपोहे कसे करतात, आणि बाहेरचे इंदुरी पोहे त्यांच्याहून वेगळे कसे?' आजी फोडणीची, शेंगदाण्यांची मराठी सांगते. वाफेवरचे पोहे आणि जीरावणाचं (पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याचं) वर्णन मुलाला स्वतःच्या मराठीत करावं लागतं. वर्गात त्यातले पाच नवे शब्द लिहायचे.

मुलांचे आवाज हीसुद्धा त्यांची खासगी माहितीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची सगळी मुलं बालक धरली आहेत. पालकांची लेखी संमती घ्या, रेकॉर्डिंग व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका आणि सत्र संपलं की पालकांना त्यांच्या मुलाच्या फाइली देऊन टॅब्लेटवरून पुसा.

चार्जिंग आणि उन्हाळा

तिन्ही टॅब्लेट शनिवारी भिंतीवरच्या ॲडॉप्टरवर लावा. कंप्युटरच्या साध्या यूएसबी २.० सॉकेटमधून ०.५ ॲम्पिअर, म्हणजे २.५ वॉटच मिळतात. ७००० एमएएचची बॅटरी त्यावर भरायला दहा तासांहून जास्त लागतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा जाड कव्हर काढून चार्ज करा आणि टॅब्लेट स्कूटरच्या डिकीत नेऊ नका. उष्णतेने बॅटरी फुगली तर पडदा कडेने उचलला जातो, असा टॅब्लेट पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही. सुट्टीत वर्ग बंद असेल तर बॅटरी निम्मी भरून, टॅब्लेट पूर्ण बंद करून कपाटात ठेवा आणि महिन्यातून एकदा सुरू करून बघा.