पॅलेडियम सिलिकावरून सुटत होतं, ते कसं थांबवलं

जुलै महिना, फोंड्यात धो धो पाऊस, आणि माझा उत्प्रेरक, म्हणजे सिलिकाच्या पावडरवर बसवलेलं पॅलेडियम, दर वापरानंतर मंदावत चाललेला. पहिल्या सुझुकी अभिक्रियेत (पॅलेडियमच्या मदतीने दोन कार्बनी रेणू जोडणारी अभिक्रिया) उत्पादन भरपूर, तिसऱ्या खेपेला निम्मंही नाही. गाळलेला द्रव फिकट पिवळसर दिसला तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

अभिक्रिया अर्ध्यावर असताना पावडर गाळून काढली आणि नुसता द्रव तापवत ठेवला. अभिक्रिया चालूच राहिली! म्हणजे धातू द्रावणात उतरत होता. हे गाळणं गरम असतानाच करा. थंड होऊ दिलं तर सुटलेला धातू परत पावडरवर बसू शकतो आणि चाचणी फसवते.

खोट पॅलेडियमची नव्हती, त्याला धरून ठेवणाऱ्या अमाइनच्या साखळीची होती. ही साखळी ज्यातून येते ते अमिनोप्रोपिल ट्रायइथॉक्सिसिलेन (पुढे नुसतं सिलेन) सिलिकाच्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांशी जोडलं जायला हवं. पण आपल्या दमट हवेत सिलिका पाणी ओढते, आणि पाणी जास्त झालं की सिलेनचे रेणू आपापसातच जुळतात. सिलिकावर नुसता सैल थर बसतो, तो धुपून जातो.

या वेळी सिलिका निर्वातात १२० अंश सेल्सिअसला रात्रभर सुकवली, नायट्रोजनखालीच थंड केली, कोरडं टोल्युइन वापरलं. सिलेन जोडून झाल्यावर सॉक्सलेटमध्ये, म्हणजे ताजा गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात, नीट धुतली. न चिकटलेलं सिलेन इथेच निघतं, ही पायरी मी आधी घाईत वगळली होती. मग पॅलेडियम ॲसिटेट चढवलं.

पुन्हा गरम गाळून पाहिलं. द्रव नितळ, अभिक्रिया जागच्या जागी थांबलेली. पाचव्या वापरालाही उत्पादन जवळपास तेवढंच आलं.