सायकल आणि ऑफिस, दोन्हीकडे चालणारा बूट

साताऱ्यात सायकलवरून ऑफिस गाठायचं तर चढ चुकत नाही. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघालात की पायावर जोर येतोच. म्हणून बूट घेताना आधी तळ बघा, चकाकी नंतर.

दुकानातच बूट दोन्ही हातांत धरून वाकवून बघा. बोटांच्या सांध्यापाशी थोडा वाकावा, मधोमध अजिबात नाही. मधे दुमडणारा बूट पेडलवरही दुमडतो आणि तळपाय दुखायला लागतो. चामडी तळाचे फॉर्मल बूट दिसतात झकास, पण ओल्या पेडलवरून सटकतात. रबरी तळ आणि बुटकी टाच बरी.

लोफर मला पटत नाहीत. चढावर उभं राहून पेडल मारलं की टाच सुटते. नाडीचा साधा काळा किंवा तपकिरी बूट घ्या. फक्त उजव्या पायाची नाडी जपा, कारण साखळी त्याच बाजूला असते. लोंबतं टोक त्यात गुंडाळलं गेलं तर भररस्त्यात पडाल. गाठ मारली की उरलेली टोकं नाडीच्या आडव्या पट्ट्यांखाली घट्ट खोचा.

खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय किंचित फुगलेले असतात. मोजेही ऑफिसचेच घाला.

पावसाळ्यात सरळ पट्ट्याची रबरी सँडल घालून जा, बूट ऑफिसच्या खणात ठेवा. भिजलाच, तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलात तर चामडं तडकतं.