ऑफसाइड नेमका बघायचा कसा

फुटबॉलमध्ये नुसतं बॉलकडे बघत बसलात तर ऑफसाइड कधीच कळणार नाही, पास सुटतो त्या क्षणी त्याच टीमचा पुढचा प्लेअर कुठे उभाय ते बघा, बॉल त्याच्याकडे पोचतो तेव्हा नाही. तो समोरच्यांच्या हाफमध्ये असेल आणि बॉल व त्यांचा शेवटून दुसरा माणूस या दोघांपेक्षाही गोललाइनच्या जवळ असेल तर ऑफसाइड पोझिशन. शेवटून दुसरा म्हणजे गोलकीपर धरून हं, इथेच सगळे गंडतात. अगदी बरोबरीत असला तर चालतं, १९९० पासून. कोण किती पुढे हे बघताना हात मोजत नाहीत. आणि नुसतं उभं राहणं गुन्हा नाही, खेळात लुडबुड केली तरच शिट्टी. थ्रो-इन, कॉर्नर, गोलकिकवरून थेट बॉल आला तर ऑफसाइड नसतोच, उगाच ओरडू नका.