एकाच पक्षातल्या दोन उमेदवारांची धोरणं कशी ताडून पाहावीत?

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी ठरवतात, त्यामुळे हा अभ्यास करायची वेळ आपल्यावर फारशी येत नाही. ब्रिटनमध्ये २०२२ च्या उन्हाळ्यात ती आली. सत्तेतल्या हुजूर (कंझर्व्हेटिव्ह) पक्षाच्या नेतेपदासाठी, म्हणजेच पंतप्रधानपदासाठी, ऋषी सुनक आणि लिझ ट्रस समोरासमोर होते. पद्धत समजून घ्यायला ही लढत उत्तम आहे.

आधी दोघांत जे सारखं आहे त्यावर काट मारा. दोघंही पक्षाच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं नाव घेत होते, आश्रयार्थींना रवांडाला पाठवायची योजना दोघांनाही मान्य होती. यावर वेळ घालवू नका.

मग उरलेल्या मुद्द्यासाठी कागदावर तीन रकाने आखा: काय करणार, कधी करणार, पैसा कुठून आणणार. खरा फरक बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात सापडतो. कर कमी करू, असं दोघंही म्हणत होते. पण ट्रस नॅशनल इन्शुरन्समधली (पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीतली) सव्वा टक्क्याची वाढ लगेच मागे घेणार होत्या आणि कंपन्यांवरचा कर १९ वरून २५ टक्के होऊ देणार नव्हत्या. त्यासाठी कोविडकाळातलं कर्ज सावकाश फेडायची त्यांची तयारी होती. सुनक म्हणत होते, आधी महागाई. आयकराचा मूळ दर २० वरून १६ टक्क्यांवर आणायचं वचन त्यांनीही दिलं, पण मुदत थेट पुढच्या निवडणुकीनंतर येणाऱ्या संसदेच्या अखेरपर्यंतची! घोषणा एकच, हिशेब दोन.

आता जुनं दप्तर उघडा. नॅशनल इन्शुरन्सची ती वाढ अर्थमंत्री म्हणून सुनक यांनीच आणली होती, आणि त्या मंत्रिमंडळात ट्रसही होत्या. २०१६ च्या सार्वमतात ट्रस युरोपीय संघात राहण्याच्या बाजूच्या, सुनक बाहेर पडण्याच्या. तरी ब्रेक्झिटवाल्या गटातले बरेचजण ट्रस यांच्या मागे गेले. पाठिंबा कोणाचा, एवढ्यावरून धोरण ओळखू नये ते यासाठी.

प्रचारातली घूमजावं तारखेसकट टिपा. सरकारी नोकरांचे पगार प्रदेशानुसार ठरवायची योजना ट्रस यांनी ऑगस्टच्या सुरुवातीला मांडली आणि स्वपक्षातूनच ओरड झाल्यावर लगेच गुंडाळली. घरगुती वीज-गॅसच्या बिलांवरचा व्हॅट काढायला अर्थमंत्री असताना नकार देणाऱ्या सुनक यांनी प्रचारात तो वर्षभर माफ करायचं जाहीर केलं.

भाषण कोणाला उद्देशून आहे, हेही लिहा. इथे मतदार देश नव्हता. पक्षाचे सुमारे १ लाख ७२ हजार सभासद होते. त्यांना तातडीची करकपात आवडणारच. ट्रस ५७.४ टक्के मतं घेऊन जिंकल्या.

शेवटी चौथा रकाना जोडा: काय बोललेच नाहीत. २३ सप्टेंबरच्या छोट्या अर्थसंकल्पात आयकराचा ४५ टक्क्यांचा सर्वोच्च दर रद्द करायची घोषणा झाली. ट्रस यांच्या प्रचारातल्या वचनांत ती नव्हती. बाजार कोसळला, ती घोषणा मागे घ्यावी लागली आणि २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला.